कंठमणी टुणकन उडतो तेव्हा

कंठमण्यावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. मणी टुणकन वर गेला, खाली आला. सेकंदभराच्या त्या खेळात तिसाहून अधिक स्नायू कामाला लागले. श्वास थांबला, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकलं, स्वरतंतू मिटले, श्वासनलिकेवर झाकण आडवं पडलं आणि एरवी घट्ट मिटलेलं अन्ननलिकेचं तोंड उघडलं.

भंडारा जिल्ह्यात हे समजवायला पुस्तक नको, मालगुजारी तलावाखालचं धानाचं शेत पुरे. एका बांधीला पाणी द्यायचं तर दुसरीकडे जाणारा पाट आधी बुजवावा लागतो. फावडं पडायला उशीर झाला की पाणी भलत्याच बांधीत. घशात वाऱ्याचा आणि अन्नाचा पाट एकमेकांना छेदून जातात, आणि लकवा मारला की फावडं उशिरा पडतं. पक्षाघाताच्या सुरुवातीच्या दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. त्यातही सर्वांत अवघड काय, तर साधं पाणी! ते इतकं पळतं की दार मिटायच्या आत खाली पोचतं. चिन्नोर तांदळाची घट्ट पेज सावकाश सरकते, म्हणून अनेकांना तीच आधी झेपते. (कुणाला काय द्यायचं ते मात्र तपासणीनंतरच ठरतं.) ठसका लागला तर बरंच म्हणायचं, कारण राखणदार जागा आहे. काहींना ठसकाही लागत नाही. घोट गुपचूप फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो.

मग हे बिघडलेलं गिळणं विजेने सुधारेल का? इटलीतल्या गाल्वानीने 1791 साली मेलेल्या बेडकाचे पाय विजेने उडतात हे छापलं, तेव्हापासून स्नायूला करंट लावायचा मोह माणसाला सुटलेला नाही. गळ्यावर पट्ट्या चिकटवून सौम्य करंट देतात, तो याच वंशातला. गंमत अशी, की 2007 साली क्रिस्टी लडलो यांच्या चमूने क्ष-किरणांखाली पाहिलं, तर रुग्ण नुसता बसलेला असताना गळ्यावरचा करंट जिभेखालचं हाड वर उचलायचं सोडून खाली ओढत होता! म्हणजे रुग्णाला त्या ओढीविरुद्ध गिळावं लागतं. पाठीचं, गुडघ्याचं करंटचं मशीन घरी आहे म्हणून ते गळ्याला लावणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका लावू. तिथेच रक्तदाब सांभाळणाऱ्या नसा आहेत.

वीज वापरण्याची दुसरी तऱ्हा मला जास्त चकित करते. पुष्कळ रुग्णांचं गिळणं काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. ते का, याचा शोध मँचेस्टरचे शाहीन हमदी घेत होते. डोक्यावरून चुंबकीय झटके देऊन त्यांनी मेंदूतला गिळण्याचा नकाशा काढला. 1996 साली तो प्रसिद्ध झाला. नकाशा मेंदूच्या दोन्ही अर्धांत निघाला, पण एकीकडे मोठा, एकीकडे लहान. घाव मोठ्यावर पडला की गिळणं अडतं. आणि जे बरे झाले, त्यांच्यात धडधाकट बाजूचा नकाशा पसरलेला दिसला. धाकट्या भावाने नांगर हाती घ्यावा तसा.

त्या धाकट्याला हाक मारायची कशी? नाकातून बारीक नळी घशात सोडायची आणि सेकंदाला 5 या वेगाने, 10 मिनिटं, हलके झटके द्यायचे. इथे वीज स्नायूला ओढत नाही. घशातल्या संवेदनेच्या नसांवाटे ती वर मेंदूला जाऊन त्याला जागं करते.

प्रत्यक्षात उपयोग होतो का? 2016 साली 162 रुग्णांवरच्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. एवढ्यावर मीही हा विषय मिटवला असता. पण 2018 साली युरोपात अधिक गंभीर रुग्ण घेतले, श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेले. तीन दिवस रोज 10 मिनिटं करंट. 35 पैकी 17 जणांचं गिळणं गळ्यातली नळी काढता येईल इतकं परतलं. ज्यांना करंट दिलाच नव्हता, अशा 34 जणांत असे निघाले 3.