बालगुन्हेगार आणि स्थानिक संस्था

इंग्लंड व वेल्स या देशांत दहा वर्षें पूर्ण झालेल्या मुलावर गुन्ह्याचा खटला होऊं शकतो. अशा मुलाची चौकशी पोलीस करतात, त्याच्या शाळेची नोंद शिक्षणखात्यांत असते, प्रकृतीची आरोग्यखात्यांत आणि घरच्या दैन्याची समाजसेवकाच्या वहींत. प्रत्येकाजवळ त्या मुलाचा एकेक अंश. सबंध मूल मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं.

हा दोष दूर व्हावा म्हणून १९९८ च्या कायद्यानें स्थानिक संस्थांवर निश्चित कर्तव्य सोंपविलें. प्रत्येक संस्थेनें, एकटीनें अथवा शेजारच्या संस्थेशीं मिळून, एक पथक उभारावयाचें. त्यांत समाजसेवक, प्रोबेशन अधिकारी, पोलीस आणि आरोग्य व शिक्षण या खात्यांचे प्रतिनिधि एकत्र काम करतात. शिक्षा देणें हें न्यायालयाचें काम. मुलाच्या हातून गुन्हा घडूं नये, हें या सर्व व्यवस्थेचें मुख्य ध्येय.

सेवा कोणत्या, पथकाची रचना कशी आणि पैसा कोठून, याची योजना संस्थेला दरसाल करावी लागते. ती मध्यवर्ती युवक-न्याय मंडळाकडे जाते व प्रसिद्धहि होते. शिवाय प्रोबेशन-निरीक्षणालयाचे तपासनीस पथकाचें प्रत्यक्ष काम पाहतात.

योजना प्रसिद्ध करण्यांत मोठें मर्म आहे. आकडे उघड असले म्हणजे नगरसभासदांना आणि नागरिकांनाहि जाब विचारतां येतो. आणि त्यांनीं प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच कीं, किती मुलें पुन्हा कोर्टाची पायरी चढलीं?