संगणकाची स्मृती दगा देते तेव्हा...

संगणक चालता चालता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, निळ्या किंवा विंडोजच्या नव्या आवृत्तीत काळ्या पडद्यावर अगम्य इंग्रजी मजकूर उमटतो, काल व्यवस्थित असलेली फाइल आज उघडत नाही. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय व्हायरसवर जातो. मग विंडोज नव्याने टाकले जाते, तरीही दुखणे कायम राहते. प्रसंगी धडधाकट मदरबोर्डही बदलला जातो. वास्तविक या लक्षणांचे मूळ अनेकदा रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. तिची परीक्षा घरच्या घरी आणि विनाखर्च घेता येते.

आपण उघडलेली वा साठवलेली प्रत्येक फाइल या मेमरीतून जाते. तिथे एका बिटाची अदलाबदल झाली, तर छायाचित्र वा हिशेबाचा तक्ता कोणतीही सूचना न देता बिघडू शकतो. म्हणून संशय येताच एक पथ्य पाळावे : जुनी सुरक्षित प्रत पुसून तिच्या जागी नवी प्रत घेऊ नये. ती नवी प्रतच सदोष निघण्याचा धोका असतो.

आधी जोड जुळतो का, ते पाहा

नवी मेमरी बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर दोष मेमरीचा नसून विजोड जोडीचा असू शकतो. डीडीआर-३ च्या पट्टीला २४० संपर्कबिंदू असतात. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोहोंना २८८. मात्र प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते आणि विद्युतदाबही अनुक्रमे १.५, १.२ व १.१ व्होल्ट असा निराळा. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. ती बळाने दाबू नये. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ मेमरी जुन्या बाजारात स्वस्त मिळते, पण घरगुती मदरबोर्डवर ती चालत नाही. दोन निरनिराळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्यास दोन्ही सहसा कमी वेगाने चालतात, आणि कधी कधी अजिबात जुळत नाहीत. म्हणूनच एकाच पाकिटातील जोडी घेणे श्रेयस्कर.

डीडीआर-५ बसवल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू होताना पडदा काही मिनिटे कोरा राहू शकतो. मदरबोर्ड त्या वेळी मेमरीशी जुळवून घेत असतो; घाईने वीज बंद करू नये.

तपासणीचा क्रम

१. संगणक बंद करून वीजजोड काढावा. धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज घालवावी. पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसाव्यात, कण झटकावेत आणि दोन्ही टोके नीट अडकेपर्यंत ती पुन्हा बसवावी. दमट हवेत आणि धुळीत एवढ्या उपायानेही काम भागते.

२. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा तत्सम वाढीव वेगाची सोय बंद करावी. मूळ वेगावर त्रास थांबला, तर मेमरी बाद नसून तिला झेपत नसलेला वेग हे कारण ठरते. मदरबोर्डच्या कंपनीने बायोसची नवी आवृत्ती दिली असल्यास तीही उपयोगी पडते.

३. विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चालवावे. अधिक कसून तपासणीसाठी ‘मेमटेस्ट८६’ पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवावे. एक जरी चूक आढळली, तरी ती दुर्लक्षण्याजोगी नाही.

४. चूक आढळल्यास एकेक पट्टी स्वतंत्रपणे, एकाच स्लॉटमध्ये तपासावी. मग स्लॉट बदलावा. चूक पट्टीबरोबर फिरली, तर पट्टी सदोष. कोणतीही पट्टी एकाच स्लॉटमध्ये अडखळली, तर स्लॉट सदोष. सुट्या पट्ट्या उत्तीर्ण आणि जोडीने अनुत्तीर्ण झाल्या, तर जोड विजोड आहे असे समजावे. सर्वच पट्ट्या सर्वत्र चुकत असतील, तर मदरबोर्ड, प्रोसेसर किंवा वीजपुरवठा यांकडे वळावे.

मेमरी बिघडणे वाटते तितके दुर्मीळ नाही. गुगलच्या सर्व्हरांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये किमान एक चूक नोंदली गेली. सर्व्हरमध्ये अशा चुका सुधारणारी ईसीसी मेमरी असते. बहुतेक घरगुती संगणकांत ती नसते.

अनेक नामवंत कंपन्या मेमरीवर दीर्घ मुदतीची हमी देतात. तेव्हा पट्टी टाकून देण्यापूर्वी पावती शोधावी आणि चाचणीतील चुकांचे छायाचित्र घेऊन दुकानदाराकडे जावे. दुरुस्तीवाल्याकडे जातानाही कोणती पट्टी, कोणता स्लॉट, किती चुका ही नोंद सोबत असू द्यावी. निदान हाती असलेल्या ग्राहकाला अनावश्यक सुटे भाग विकणे सोपे नसते.