पथ्यातील द्रव्य आणि बाजारातील द्रव्य

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता या आठ अंगांनी सांगितला आहे. पथ्य सांगताना आपण राशी, काल आणि उपयोगसंस्था यांबाबत बहुधा दक्ष असतो. किती, केव्हा व कसे खावे हे रुग्णास नीट समजावतो. परंतु ज्या द्रव्याचे पथ्य सांगितले, ते रुग्णाच्या स्वयंपाकघरात कोणत्या स्वरूपात पोहोचते याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ‘जुन्या तांदळाची पेज’, ‘हळदीचे दूध’, ‘चिमूटभर दालचिनी’ हे शब्द केसपेपरवर पूर्ण वाटतात. बाजारात मात्र प्रत्येक शब्दामागे दोन-तीन निरनिराळी द्रव्ये उभी असतात. औषधासाठी सुंठ-मिरी घेताना आपण द्रव्यपरीक्षण करतो. तीच सुंठ आणि तीच मिरी घरच्या डब्यात जातानाही पारखली जावी, हे सांगणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

देशविचार

शहाड हे कल्याण आणि उल्हासनगर यांच्या सीमेवर वसलेले. एकीकडे अनेक शहरांची तहान भागविणारी उल्हास नदी, तर दुसरीकडे कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडलेली वालधुनी. मुरबाड-शहापूरकडील शेतातली पालेभाजी आणि नाल्याकाठच्या पाण्यावर वाढलेली पालेभाजी येथील हातगाडीवर शेजारी शेजारी मांडलेली असू शकते. दोन्ही हिरव्यागारच दिसतात. औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी आणि कोणत्या भूमीतून घेऊ नये, याचा विचार सुश्रुतसंहितेच्या भूमिप्रविभागीय अध्यायात आला आहे. तो भाजीलाही तितकाच लागू आहे. कारण वनस्पतीच्या आत शोषली गेलेली जड धातूंची द्रव्ये वरून धुतल्याने जात नाहीत. म्हणून ‘भाजी ताजी आहे का?’ या प्रश्नाआधी ‘भाजी कोठली?’ हा प्रश्न विचारण्याची सवय रुग्णांना लावली पाहिजे. रोजचा ओळखीचा विक्रेता या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो, हा त्याच्याकडून घेण्याचा मोठा लाभ आहे.

पावसाच्या आरंभी आदिवासी भगिनी कल्याण परिसरात शेवळे, टाकळा, कुरडू, करटोली विकावयास आणतात. शेवळांसोबत काकडे ही आंबट फळे घ्यावीत, हे त्या आवर्जून सांगतात. शेवळाने घशास खाज सुटते, ती या आंबट जोडीने शमते. संयोग आणि करण यांचा हा पाठ ग्रंथाबाहेर आजही जिवंत आहे.

तांदूळ

नवे धान्य गुरू, तर वर्षभर ठेवलेले लघु, हे आपण जाणतो. आपल्या परिसराचा नावाजलेला तांदूळ म्हणजे वाडा कोलम. वाडा तालुका २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. ‘झिनी’ या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि ‘कोलम’ हे नाव बाजारात अनेक बारीक दाण्यांच्या तांदळांना लावले जाते. त्यामुळे केवळ नावावर न जाता तांदूळ कोठला, कोणत्या हंगामाचा आणि किती पॉलिश केलेला, हे तीन प्रश्न विचारावेत. मूठभर शिजवून पाहिल्यास नवा तांदूळ चिकट होतो. जुना अधिक पाणी घेतो, फुलतो आणि मोकळा राहतो.

साठवणीत किडीसाठी बोरिक पावडर लावण्याची रीत काही घरांत अद्याप आहे. हे खाद्यद्रव्य नव्हे. त्याऐवजी धान्य कडकडीत उन्हात वाळवून, कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून कोरड्या डब्यात ठेवावे, असे स्पष्टपणे सांगावे.

हळद

येथे विषय केवळ गुणवत्तेचा राहत नाही, तो विषाचा होतो. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून पॉलिश करताना त्यांवर शिशाचा क्रोमेट हा रंग चढविण्याचा प्रकार दक्षिण आशियात उघड झाला आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. जनजागृती, कारवाई आणि तपासणी यांमुळे २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. भारत, पाकिस्तान, श्रीलंका व नेपाळ येथील २३ शहरांच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १४ टक्के नमुन्यांत हळदीतील शिशाचे प्रमाण चिंताजनक होते आणि त्यांत पाटण्यासारखी भारतीय शहरेही होती.

‘पूड घेऊ नका, अख्खी घ्या’ हा सल्ला चांगला असला तरी अपुरा आहे. कारण हा रंग अख्ख्या हळकुंडावरच चढविला जातो. म्हणून गुळगुळीत, चकचकीत हळकुंड टाळून किंचित खडबडीत, मळकट दिसणारे घ्यावे. मोडून पाहावे: आतील रंग गडद नारिंगी आणि बाहेरील फिका असणे स्वाभाविक आहे. स्वच्छ पाण्याच्या पेल्यात टाकताच रंग सुटू लागला तर तो माल परत करावा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या ‘डार्ट’ पुस्तिकेतही ही चाचणी दिली आहे. अशा चाचणीने संशय येतो. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.

चिकित्सकांसाठी एक सूचना. बालकात पांडुता, उदरशूल आणि मलावरोध एकत्र दिसत असून लोहकल्पांनी उपशय मिळत नसेल, तर रक्तातील शिशाची तपासणी अवश्य करून घ्यावी. शिशाचा आघात बालकाच्या बुद्धीवर होतो आणि तो पुष्कळदा भरून येत नाही.

दालचिनी, हिंग, मध

प्रमेही रुग्ण आजकाल वाचून-ऐकून चमचा-चमचा दालचिनी घेतात. बाजारात स्वस्त मिळणारी जाड, कठीण, एकपदरी साल बहुधा कॅशियाची असते. तिच्यातील कुमारिनचे प्रमाण बरेच अधिक असल्याने दीर्घकाळ व अधिक मात्रेत ती यकृतास बाधक ठरू शकते. खरी दालचिनी कागदासारखी पातळ, अनेक पदरांची व हाताने चुरता येणारी असते. कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांतही ती होते.

नित्य वापराचा हिंग बहुधा बांधणीचा असतो. त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. गहू वर्ज्य असलेल्या रुग्णास वेष्टनावरील घटक वाचण्यास सांगावे. मधाबाबत, पाण्यात थेंब सोडून पाहण्याच्या जुन्या कसोटीवर विसंबू नये. साखरेची पाके आता नेहमीच्या चाचण्यांतूनही सुटतात, हे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिले.

औषधविक्रेत्यांचे स्थान

आपल्या भागात उन्हाळ्यात वर्षाची बेगमी होते. मिरच्या, धणे, हळकुंडे वाळवून कांडपाला जातात. द्रव्य पारखण्यास याहून योग्य काळ नाही, आणि पारखण्याची विद्या आपल्या औषधविक्रेत्यांजवळ आहेच. त्यांनी या हंगामात हळद, सुंठ, मिरी, दालचिनी अख्ख्या स्वरूपात, लहान पुड्यांत, कोठला माल व केव्हा घेतला हे लिहून विक्रीस ठेवावी. मिरीत पपईच्या बिया आहेत का, हे ग्राहकासमोर पाण्यात टाकून दाखवावे. पपईच्या बिया तरंगतात. खाद्यपदार्थांच्या विक्रीसाठी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार नोंदणी वा परवाना आवश्यक आहे, याचे भान असावे. किंमत वाजवी ठेवावी. कारण आपला बहुतांश रुग्णवर्ग नोकरदार आणि कष्टकरी आहे. ‘सेंद्रिय’ छापलेले महागडे पाकीट हा त्यांच्यासाठी उपाय नव्हे. मसाल्याची द्रव्ये घरात थोडीच लागतात. तेवढी पारखून घेणे कोणत्याही कुटुंबास शक्य आहे.

वैद्यांनी आपल्या परीने पथ्यपत्रकात द्रव्याच्या नावाआधी एक विशेषण वाढवावे: बिनपॉलिशची हळद, पातळ सालीची दालचिनी, वर्षभर जुना तांदूळ. त्या एका शब्दाने रुग्ण दुकानात योग्य प्रश्न विचारू लागेल, आणि आपण सांगितलेले पथ्य त्याच्या ताटात आपण सांगितले तसेच पोहोचेल.