मुमताझ महाल : एका घोडीचें घराणें

जनावर पारखतांना आपण बहुधा नराची कीर्ति विचारतों. आईची चौकशी मागाहून. इंग्लंडांतील मुमताझ महाल या घोडीची हकीकत म्हणूनच आम्ही येथें देत आहों. बाप द टेट्रार्क, आई लेडी जोसेफाइन. १९२१ सालीं जन्मलेली ही करडी शिंगरी पुढल्याच वर्षीं आगाखान यांच्यासाठीं ९,१०० गिनींस घेण्यांत आली. (पुण्याचा आगाखान महाल ज्यांनीं बांधविला तेच हे.) १९२३ सालीं ती सहा शर्यती धावली; पांच जिंकल्या, सहावी भिजलेल्या जड जमिनीवर थोडक्यांत हुकली. १९२४ त एका मैलाच्या 'वन थाउझंड गिनीज' शर्यतींत मात्र ती दुसरी आली. वेग अचाट, पण दम पुरेना! आखूड अंतरावर परत आणतांच तिनें लागोपाठ दोन शर्यती मारल्या.

पैदाशीच्या वेळीं तिला दमाचा नर मिळाला. १९१८ सालीं इंग्लंडांतील तिन्ही मानाच्या शर्यती जिंकणाऱ्या गेन्सबरोपासून तिला माह महाल झाली. डर्बी जिंकलेल्या ब्लेनहाइमपासून माह महालला झालेला महमूद १९३६ ची दीड मैलाची डर्बी २ मिनिटें ३३⅘ सेकंदांत जिंकला. तो उच्चांक १९९५ पर्यंत टिकला. दुसरी मुलगी मुमताझ बेगम हिचा नसरुल्ला पुढें अमेरिकेंत पैदाशीचा नर म्हणून गाजला.