रूळ, रस्ता आणि जिवाचे मोल

२२ जानेवारी २०२५ रोजी आमच्या पाचोरा तालुक्यातील परधाडे स्थानकाजवळ, आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेल्या प्रवाशांना शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसने उडवले. किमान १२ जीव गेले. त्यांत नेपाळचे नागरिकही होते. मृतांच्या वारसांना राज्य शासनाने ५ लाख आणि रेल्वेने दीड लाख रुपये जाहीर केले. इकडे बहुतेकांनी त्यालाच भरपाई म्हटले. वास्तविक ते सानुग्रह अनुदान. अनुदान सरकार देते. भरपाई वारस मागतात, कारण तो त्यांचा हक्क असतो.

मी वकील नाही. हा फरक समजून घेण्यासाठी कायदे वाचू लागलो, तेव्हा दिसले की आपल्याकडे जिवाचे मोल अपघात कुठे झाला यावर ठरते.

समजा, महिना १५,००० रुपये कमावणारा तीस वर्षांचा कारागीर मागे बायको आणि दोन मुले ठेवून रस्त्यावर, दुसऱ्याच्या चुकीने गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मध्ये घालून दिलेल्या रीतीने भावी वाढीचे ४० टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करायचा आणि वार्षिक रकमेला १७ ने गुणायचे. हिशेब २८ लाख ५६ हजारांवर जातो. मात्र निम्मी चूक त्याची ठरली, तर निम्मी रक्कम कापली जाते.

तोच कारागीर चालत्या गाडीतून पडून गेला, तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली ८ लाख. १ जानेवारी २०१७ पूर्वी हा आकडा ४ लाख होता. इथे श्रीमंत-गरीब सारखेच आणि निष्काळजीपणाही आड येत नाही. कमाई नसलेल्या वृद्धेच्या वारसांना रुळावरचा कायदा कदाचित अधिक देईल; कमावत्या तरुणाच्या घराला तो तोकडा पडतो.

अमेरिकेत असा फरक राज्याची हद्द ओलांडली की पडतो. अलाबामा किंवा मेरीलँडमध्ये जखमी माणसाची थोडीशी चूक सिद्ध झाली, तरी सहसा त्याचा दावाच बुडतो. कॅलिफोर्नियात चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते. टेक्सासमध्ये निम्म्याहून जास्त चूक असेल, तर काहीच मिळत नाही. तिथे राज्यांची सीमा. आपल्याकडे रूळ आणि रस्ता.

परधाड्याचा पेच याहून अवघड आहे. कायद्यात ‘गाडीतून अपघाताने पडणे’ असे शब्द आहेत. जिवाच्या भीतीने खाली उतरून दुसऱ्या गाडीखाली सापडणे त्यात बसते का? गाडीत चढताना पडलेल्या स्त्रीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले, की हा कल्याणकारी कायदा आहे, त्याचे शब्द उदारपणे वाचावेत. माझ्या मते तीच दृष्टी इथेही हवी. भीतीने घेतलेली उडी ही काही मरणासाठी घेतलेली उडी नव्हे.

पण न्यायाधिकरणाने शब्द उदारपणे वाचावेत, यासाठी आधी दावा दाखल व्हावा लागतो. त्याची मुदत एक वर्ष. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते. अनुदानाचा धनादेश हातात पडला की घरची माणसे प्रकरण संपले असे समजतात. तो देताना सोबत दाव्याचा अर्जही दिला, तर परक्या मुलखातल्या विधवेलाही आपला हक्क कळेल.