पत्र पहिल्या मालकाला, मुले तिसऱ्याच्या गाडीत

जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकी कंपनीने एस-प्रेसो आणि ईको या दोन प्रकारच्या मिळून ८७,५९९ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या या गाड्यांच्या सुकाणूच्या टाय रॉडमधील एका भागात दोष असण्याची शक्यता आहे, क्वचित प्रसंगी तो भाग तुटू शकतो आणि गाडी वळविण्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो, असे कंपनीने स्वत:च जाहीर केले होते. दोषी भाग विनामूल्य बदलून मिळणार होता. वृत्तपत्रांनी ही बातमी व्यापारविषयक पानावर छापली आणि शेअरबाजारातील भावांबरोबर ती वाचली गेली. साहजिकच आहे, ज्यांना ती वाचण्याची खरी गरज होती, त्यांचा दिवस व्यापाराचे पान वाचून सुरू होत नाही.

ईको ही गाडी महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात सकाळी पावणेसातच्या सुमारास कोठे दिसते, हे शिक्षकांना सांगावयास नको. १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन, जी पुढे 'ओम्नी' या नावाने ओळखली गेली, ती २०१९ मध्ये बंद झाली. तोपर्यंत शाळेची व्हॅन म्हणजे ओम्नी असे समीकरणच झाले होते. तिची जागा आता बव्हंशी ईकोने घेतली आहे. पुढच्या आसनाखाली इंजिन, बाजूला सरकणारे दार, पाठीमागे आडव्या-उभ्या बसविलेल्या फळ्या आणि त्यांवर दप्तरांसह दाटीवाटीने बसलेली मुले. या गाडीचे सुकाणू ज्यांच्या हाती असते त्यांना मुले 'व्हॅनकाका' म्हणतात. या काकांपर्यंत कंपनीचे पत्र पोचते काय, हा प्रस्तुत प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर काकांच्या बेफिकिरीत शोधण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती तपासून पाहावयास हवी.

परतबोलावणीचे पत्र जाते ते कंपनीच्या दप्तरी ज्याचे नाव व पत्ता आहे त्याला, म्हणजे सामान्यत: पहिल्या खरेदीदाराला. गाडी चार वर्षांनी विकली जाते, मग पुन्हा विकली जाते. मध्ये एखादा दलाल असतो, आणि पुष्कळदा ती 'नावावर' होण्यापूर्वीच पुढच्या हाती जाते. पहिल्या मालकाने घर बदललेले असते, दूरध्वनी क्रमांक बदललेला असतो. त्याला संदेश मिळालाच तर 'ती गाडी आता माझ्याकडे नाही' एवढे म्हणून तो तो पुसून टाकतो. त्याचे यात काही चुकले असे म्हणता येणार नाही.

दुसरा मार्ग कार्यशाळेचा. गाडी कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत सर्व्हिसिंगला गेली की तिचा चासी नंबर तेथील संगणकात घातला जातो आणि एखादे काम प्रलंबित असेल तर ते तेथेच उघड होते. म्हणजेच देखभालीचे वेळापत्रक पाळणे आणि परतबोलावणीची वार्ता कळणे या दोन गोष्टी वरकरणी वेगळ्या दिसल्या तरी एकाच धाग्याने बांधलेल्या आहेत. पहिल्या तीन विनामूल्य सर्व्हिसिंग संपल्या, हमीची मुदत संपली, की व्हॅनचालक कोपऱ्यावरच्या मेस्त्रीकडे वळतो. मेस्त्री स्वस्त असतो, उधार देतो, रात्री नऊ वाजताही गाडी घेतो. कित्येकदा त्याचा हातही कार्यशाळेतील नवख्या फिटरपेक्षा अधिक सराईत असतो. परंतु कंपनीचा संगणक त्याच्यापाशी नसतो. तो सैल झालेला टाय रॉड बदलतो, पैसे घेतो आणि विसरून जातो. हा भाग याच गाडीत वारंवार का सैल होतो, ही माहिती त्याच्या गॅरेजच्या बाहेर कधीच जात नाही.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व कायद्याकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. तोपर्यंत आपल्याकडे वाहन परत बोलावणे हा निर्मात्यांच्या स्वयंस्फूर्तीचा भाग होता. त्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये त्यासाठी स्वेच्छासंहिता केली होती. नव्या कलमाने सरकारला परतबोलावणीचा आदेश देण्याचा अधिकार दिला आणि दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. हे पाऊल स्वागतार्हच होते. मात्र आदेशाची यंत्रणा हलते ती प्रामुख्याने मालकांच्या तक्रारींच्या संख्येवर. तक्रार कोण करतो? ज्याच्याजवळ वेळ आहे, सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरण्याचा सराव आहे आणि गाडी हे ज्याच्या सोयीचे साधन आहे, तो. ज्याच्या पोटाचे ते साधन आहे तो मेस्त्रीकडे जातो आणि त्याची तक्रार मोजली जात नाही.

शिवाय हे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांनाच लागू आहेत. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या मर्यादेला काही अर्थ आहे. निर्मात्याला अनंतकाळ जबाबदार धरता येत नाही. परंतु मोटारगाडीचे आयुष्य आपल्या देशात सात वर्षांनी संपत नाही. किंबहुना मध्यमवर्गीय कुटुंबाची गाडी विकली जाऊन ती भाड्याच्या वाहतुकीत शिरण्याची वेळ तीच असते. जबाबदारी संपते तेथे तिची खरी मेहनत सुरू होते.

जुन्या गाड्यांच्या बाजारावर १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी लिहिलेला निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्याच विचाराबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अमेरिकन बोलीत खोड असलेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात. विकणाऱ्याला खोड ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला संशयानेच भाव देतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, असा त्यांचा युक्तिवाद होता. (निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी, १९६७-६८ मध्ये, अकरलॉफ काही काळ दिल्लीत होते आणि त्यांच्या निबंधात भारतातील सावकारीचे उदाहरण आहे, हे येथे सहज आठवते.) परतबोलावणीच्या बाबतीत मात्र स्थिती त्याहूनही चमत्कारिक आहे. येथे विकणाऱ्यालाही दोष ठाऊक नसतो आणि घेणाऱ्यालाही नसतो. तो ठाऊक असतो तिसऱ्याला, जो या व्यवहारात कोठेच हजर नसतो. माहिती अस्तित्वात आहे, ती गुप्तही नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर घातला की ती मिळते. ती विचारावी हे मात्र कोणाला सुचत नाही.

आता असे समजू की पत्र पोचले. तरी गाडी कार्यशाळेत जाईलच काय? दुरुस्ती विनामूल्य आहे, दिवस विनामूल्य नाही. समजा, एका व्हॅनमध्ये बारा मुले आहेत आणि प्रत्येकाकडून महिन्याला पंधराशे रुपये मिळतात. महिन्याचे अठरा हजार झाले; शाळेचे चोवीस दिवस धरले तर दिवसाला साडेसातशे. त्यातून गॅस, हप्ता, विमा, टायर निघावयाचे. गाडी एक दिवस कार्यशाळेत राहिली तर सकाळ-दुपारच्या दोन फेऱ्यांसाठी दुसरी व्हॅन सांगावी लागते आणि ती साडेसातशेत मिळत नाही. म्हणजे त्या दिवशी चालकाला केवळ कमाई मिळत नाही असे नव्हे, पदरचे घालावे लागतात. सुटे भाग आलेले नाहीत, चार दिवसांनी या, असे उत्तर मिळाले तर हा दिवस दुप्पट होतो. दुसऱ्या पारड्यात 'क्वचित प्रसंगी' एवढे दोन शब्द असतात. क्वचित या शब्दाची किंमत काढणे मोठमोठ्या कंपन्यांच्या हिशेबनिसांनाही साधलेले नाही. साडेसातशे रुपये मात्र कोणालाही मोजता येतात.

हाच हिशेब देखभालीच्या वेळापत्रकालाही लागू पडतो. पुस्तिकेत 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी येईल ते' असे लिहिलेले असते. शाळेची व्हॅन दिवसाला थोडेच अंतर कापते, म्हणून चालक किलोमीटरकडे पाहतो आणि अजून अवकाश आहे असे समजतो. वस्तुत: दर दोनशे पावलांवर थांबणारी, पुन्हा निघणारी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच फिरणारी गाडी क्लच आणि ब्रेक झिजविण्यात महामार्गावरील गाडीला कितीतरी मागे टाकते. ब्रेक ऑइलचे तर किलोमीटरशी फारसे नातेच नाही. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उकळण्याचा अंश खाली येतो. ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. कोकणात चार पावसाळे काढलेल्या आणि उतारावरच्या शाळेत जाणाऱ्या व्हॅनला हे कधी भोवेल, ते मीटरवरच्या आकड्यावरून कळत नाही. ऑइल बदलण्याचा खर्च एका दिवसाच्या मिळकतीहून फारसा नसतो. पण त्याचा रंग बाहेरून दिसत नाही, आणि टायरचे घोटे मात्र पालकांनाही दिसतात; म्हणून टायर बदलले जातात.

कॅलिफोर्नियात २००४ मध्ये दोन बहिणी भाड्याने घेतलेल्या मोटारीत मृत्युमुखी पडल्या. त्या गाडीच्या परतबोलावणीची सूचना भाड्याच्या कंपनीला महिनाभर आधी मिळाली होती. तरीही गाडी दुरुस्त न करताच भाड्याने दिली गेली. त्या मुलींच्या आईने अनेक वर्षे पाठपुरावा केला. २०१५ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि पस्तीसहून अधिक गाड्या बाळगणाऱ्या भाडेकंपन्यांना परतबोलावणी प्रलंबित असलेली गाडी भाड्याने देण्यास जून २०१६ पासून मनाई झाली. अकरा वर्षे लागली. आणि एवढे होऊनही त्या देशात जुन्या गाडीच्या विक्रेत्यावर असे केंद्रीय बंधन नाही. तेथील सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०११ मध्ये दिलेल्या अहवालानुसार परत बोलावलेल्या गाड्यांपैकी सरासरी ६५ टक्केच प्रत्यक्ष दुरुस्त होत होत्या. सुशिक्षित, मोटारप्रधान देशाची ही कथा असेल तर केवळ प्रबोधनाने आपल्याकडे काय साधेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

त्या कायद्यामागचे तत्त्व मात्र नीट पाहण्यासारखे आहे. स्वत:च्या गाडीत बसून स्वत:चा धोका पत्करणे वेगळे आणि दुसऱ्याला पैसे घेऊन त्यात बसविणे वेगळे. शाळेच्या व्हॅनमध्ये तर बसणाऱ्याचे वय सात-आठ वर्षांचे असते. धोका एकाचा, दिवस बुडण्याचा तोटा दुसऱ्याचा आणि माहिती तिसऱ्याची. अशा ठिकाणी बाजार आपोआप वळणावर येत नाही.

जर्मनीत वाहननोंदणीचे मध्यवर्ती कार्यालय चालू मालकाचा पत्ता परतबोलावणीसाठी उपलब्ध करून देते आणि गंभीर दोष असलेली गाडी दुरुस्त करून घेतली नाही तर ती रस्त्यावर आणण्यास बंदी होऊ शकते. आपल्याकडेही 'वाहन' ही राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यातील माहिती खाजगी कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना देऊन ६५ कोटी रुपये मिळाल्याचे केंद्र सरकारने २०१९ मध्ये राज्यसभेत सांगितले होते. घाऊक माहिती पुरविण्याचे ते धोरण २०२० मध्ये रद्द झाले, ते योग्यच झाले. पण विमा आणि कर्ज विकणाऱ्यांना जो पत्ता सापडू शकत होता, तो टाय रॉडच्या पत्रालाही सापडला पाहिजे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

पत्रावर सगळी भिस्त ठेवण्याचेही कारण नाही. सी.एन.जी.च्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. ज्या पंपांवर तिचे प्रमाणपत्र मागितले जाते तेथे चालक कुरकुरतात, पण चाचणी करून घेतात, कारण प्रमाणपत्राशिवाय गॅस मिळत नाही. परतबोलावणीसाठीही अशा जागा आहेत. विम्याच्या पॉलिसीवर दर वर्षी चासी नंबर छापलेला असतो. पिवळ्या पाटीच्या व्हॅनला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग करावे लागते. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून मुलांची चोरटी वाहतूक चालते, तिला पंधरा वर्षे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न निराळा आणि अधिक कडक उपायाचा आहे.

राज्याच्या २०११ च्या नियमांनी शाळाशाळांतून मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समित्या स्थापन करावयास सांगितले. अशा समितीची बैठक वर्षातून एकदा झाली आणि वीस व्हॅनचे चासी नंबर एखाद्या लिपिकाने संकेतस्थळावर तपासले, तर त्याला दुपार पुरेल. मुख्याध्यापकांवर आधीच कमी कामे आहेत काय, असे कोणी विचारील, आणि ते विचारणे गैर नाही. म्हणूनच हे ओझे एकट्या शाळेवर टाकणे योग्य होणार नाही. निर्मात्यांना एवढे सांगता येईल की शालेय वाहनांची परतबोलावणीची कामे मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत, सुटे भाग आधी मागवून, ठरल्या तासाला करून द्यावीत. त्या दिवसांत व्हॅन उभ्याच असतात. साडेसातशे रुपयांचा सगळा हिशेब त्या दोन सुट्यांत शून्यावर येतो.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी परिवहन कार्यालयांतून शालेय वाहनांची तपासणी होते. मोटार वाहन निरीक्षक दिवे पाहतात, ब्रेक पाहतात, अग्निशामक नळकांडे आणि प्रथमोपचाराची पेटी आहे की नाही ते पाहतात, आणि कागदावर चासी नंबर लिहून घेतात. त्या नंबरापुढे 'परतबोलावणी प्रलंबित : आहे / नाही' असा एक रकाना वाढवावयाचा तर त्याला संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागू नये, परिवहन आयुक्तांचे एक परिपत्रक पुरावे, आणि ते मे उजाडण्यापूर्वी निघाले तर येत्या जूनलाच उपयोगी पडेल.