कर्णपालीचे संधान : सुश्रुतसंहिता ते आधुनिक शल्यचिकित्सा

प्रस्तावना :
कर्णवेध हा षोडश संस्कारांपैकी एक मानला जातो. तथापि वेधलेल्या कानाच्या पुढील आयुष्याचा विचार क्वचितच होतो. कानाच्या पाळीत कूर्चा नसते. ती त्वचा, मेद व तंतुमय ऊतक यांचीच बनलेली असते. जड झुब्यांचा भार वर्षानुवर्षे वाहताना छिद्र खाली लांबत जाते आणि एखाद्या झटक्याने पाळी दुभंगते. महाराष्ट्रातील 'वेल' हा दागिना असा भार काही अंशी केसांवर तोलून धरतो.

सुश्रुतांचे विवेचन :
सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील 16 वा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. छिद्रात दर तिसऱ्या दिवशी अधिक जाड वात घालून ते वाढविण्याचा विधी तेथे सांगितला आहे. असा वाढविलेला कान दोषाने वा आघाताने दुभंगल्यास तो जोडण्याचे 15 प्रकार वर्णिले आहेत. पाळीच उरली नसेल, तर मुळाशी जोडलेले गालाचे जिवंत मांस उचलून नवी पाळी घडवावी, असेही सांगितले आहे. जोडण्यापूर्वी छेदन-लेखन करून रक्ताची परीक्षा करावी आणि सूत्रबंध फार घट्ट वा फार सैल नसावा, हा दंडक आहे.

आधुनिक पद्धती :
फाटलेल्या कडांवर कालांतराने त्वचेचे आवरण येते. अशा भरून आलेल्या कडा केवळ एकमेकींजवळ आणल्याने जुळत नाहीत. त्या पुन्हा ताज्या कराव्या लागतात. म्हणून स्थानिक भूल देऊन हे आवरण कापून काढतात व कडा टाक्यांनी जोडतात. सरळ व्रण आकसल्यास पाळीच्या खालच्या कडेवर खाच पडते. ती टाळण्यासाठी काही वेळा नागमोडी छेद घेतला जातो. नवे छिद्र काही महिन्यांनी, जुन्या व्रणाच्या बाजूला पाडणे इष्ट असते. व्रण अतिरिक्त वाढण्याची प्रवृत्ती असल्यास शल्यचिकित्सकास ती आधीच सांगावी.

रसायन लावून 'कान चिकटवून' देणारेही कडा जाळून त्या ताज्या करण्याचेच साधू पाहतात. मात्र दाहाची खोली हाताबाहेर गेल्यास उरलेली पाळीही गमावण्याचा संभव असतो.

निष्कर्ष :
साधने बदलली, तरी कडा ताज्या करून मगच जोडाव्यात हे तत्त्व कायम आहे. फाटलेली पाळी जीवघेणी नसल्याने तिची उपेक्षा होते; वस्तुतः छिद्र लांबू लागताच भार कमी करणे हाच सर्वांत सुलभ उपाय होय.